बिडी-सिगारेट सोडल्यावर वजन का वाढतं, किती वाढतं आणि काय करायचं

जालना : "बिडी सोडली अन् ढेरी सुटली," असं पारावर, टपरीवर कुणीतरी म्हणतंच. ऐकणारा हसतो, पण मनात नोंद घेतो. महिना-दोन महिने नेटाने बिडी बंद ठेवलेला माणूस पँटचं बटण लागेनासं झालं की "त्यापेक्षा ओढलेलीच बरी होती" म्हणून पुन्हा बंडल घेतो. सोडताना लागलेला सगळा जोर तिथे वाया जातो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ. वजन वाढतं ही गोष्ट खरी आहे. पण किती, का, कुणासाठी ती काळजीची आणि कुणासाठी उलट चांगली, हे पारावर कुणी सांगत नाही.

आधी एक खुलासा. आपल्याकडे तंबाखू म्हणजे फक्त बिडी-सिगारेट नाही. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या लोकांत २६.६ टक्के लोक तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेतात. त्यात ओढणारे ३.८ टक्के, तर खाणारे-लावणारे (तंबाखू-चुना, गुटखा, मिसरी म्हणजे मशेरी) तब्बल २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात. वजनाचा अभ्यास मुख्यतः ओढणाऱ्यांवर झालेला आहे, त्यामुळे खालचे आकडे त्यांचे समजा. पण निकोटिन तेच असल्याने भूक, तलफ आणि खाण्याबद्दलच्या गोष्टी तंबाखू मळणाऱ्यालाही बऱ्याच लागू पडतात.

शरीराची भट्टी अन् निकोटिन

आपलं शरीर झोपेतसुद्धा ऊर्जा जाळत असतं. हृदय चालतं, श्वास चालतो, अंग गरम राहतं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या लोखंडाच्या भट्टीसारखं समजा. माल कमी निघाला तरी भट्टी गरम ठेवायला इंधन लागतंच. या आतल्या जळण्याला चयापचय म्हणतात. निकोटिन ही भट्टी जरा जास्त पेटवतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, शरीर बसल्या जागीही थोडं जास्त जाळतं.

हे मोजलेलं आहे. १९८६ साली स्वित्झर्लंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना एका खास खोलीत पूर्ण दिवस ठेवून मोजमाप घेतलं. एक दिवस २४ सिगारेटी ओढू दिल्या, एक दिवस अजिबात नाही. ओढल्याच्या दिवशी शरीराने सुमारे १० टक्के जास्त, म्हणजे २०० कॅलरीच्या आसपास जास्त ऊर्जा जाळली. २०० कॅलरी म्हणजे साधारण ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी. फक्त एवढंच. सिगारेट सोडली अन् जेवण तेवढंच ठेवलं, तर रोज एका भाकरीचा हिशोब शिल्लक राहतो. तो अंगावर चढतो.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू भुकेची, आणि माझ्या मते आपल्या भागात तीच मोठी आहे. निकोटिन मेंदूच्या भूक ठरवणाऱ्या भागावर काम करतं आणि भूक मारतं. कापूस वेचायला, ऊसतोडीला, बांधकामावर जाणाऱ्या कितीतरी लोकांनी सकाळच्या न्याहारीच्या जागी चहा-बिडी बसवलेली असते. दुपारी एकपर्यंत पोटात दुसरं काही नसतं. बिडी सोडली की इतकी वर्षं दाबून ठेवलेली ही भूक परत येते. त्यात जिभेची चव आणि नाकाचा वासही काही दिवसांत सुधारतो. तेच पिठलं, तोच ठेचा जास्त चवदार लागायला लागतो. "सोडल्यापासून लई खातोय" ही तक्रार त्यामुळेच.

तिसरी गोष्ट हाताची. दिवसातून वीस वेळा हात खिशाकडे, खिशातून तोंडाकडे जात होता. बिडी गेली, हाताची सवय राहिली. मग तो हात शेंगदाण्याकडे, बिस्किटाकडे, फरसाणाकडे जातो.

किती वाढतं?

'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१२ साली ६२ अभ्यासांचा एकत्र हिशोब आला. कुठलंही औषध न घेता सिगारेट सोडलेल्यांचं वजन पहिल्या महिन्यात सरासरी १ किलोच्या आसपास, तीन महिन्यांत ३ किलोच्या आसपास आणि वर्षभरात साधारण साडेचार ते पाच किलो वाढलं. म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांतली. पुढे वेग मंदावतो.

सरासरी म्हणजे सगळ्यांचं तेवढंच असं नाही. त्याच हिशोबात १०० पैकी १६ जणांचं वजन वर्षभरानंतर उलट कमी झालेलं होतं, आणि १३ जणांचं १० किलोपेक्षा जास्त वाढलं होतं. दिवसाला जास्त ओढणाऱ्यांचं जास्त वाढतं असं साधारण दिसतं.

हे आकडे परदेशातल्या लोकांचे आहेत. आपल्याकडचा दिवसभर रानात राबणारा माणूस आणि तिकडचा खुर्चीवर बसून काम करणारा यांत फरक पडणारच. पण निकोटिनचं काम दोघांच्या अंगात सारखंच.

आधी वजन करा, मग घाबरा

आपल्या खेड्यांत बिडी ओढणारे बरेच लोक जाड नसतातच. गाल बसलेले, बरगड्या दिसणारे, वजन पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस किलो. अशा माणसाचं वजन बिडी सोडून चार किलो वाढलं, तर तो आजार नव्हे, तब्येत सुधारली असं म्हणायचं.

मोजायला सोपं आहे. उंची साडेपाच फुटाला थोडी कमी, म्हणजे १६५ सेंटिमीटर असेल तर ५० किलोच्या खाली वजन म्हणजे अंग कमी आहे. ५० ते ६२ किलो म्हणजे ठीक. ६३ च्या पुढे सांभाळायचं, ६८ च्या पुढे लठ्ठपणा. बाईची उंची पाच फूट असेल तर ४३ ते ५३ किलो ठीक, ५८ च्या पुढे लठ्ठपणा. भारतीयांसाठी ही मापं गोऱ्या लोकांपेक्षा कडक ठेवलेली आहेत, कारण आपल्याला कमी वजनातच साखर आणि बीपी गाठतात.

वजनापेक्षाही कंबर महत्त्वाची. बेंबीच्या पातळीवर टेलरची टेप धरा. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर पोटातली चरबी वाढली समजा. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ओढणारा माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी जास्त साठलेली आढळते. हातपाय काड्या आणि पोट पुढे, असं अंग गावात पाहिलं असेलच. म्हणजे "बिडीनं बारीक राहतो" हे अर्धंच खरं.

सोडायच्या दिवशी वजन आणि कंबर दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढे पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात काटा असतो. भुसार दुकानातलाही चालेल, फक्त दरवेळी तोच असू द्या. रोज रोज काट्यावर चढू नका. पाणी प्यायलं तरी अर्धा किलो इकडेतिकडे होतो आणि उगाच जीव घाबरतो.

क्षयरोगाची औषधं चालू असणाऱ्यांनी तर वजन वाढायची भीती अजिबात धरू नये. तंबाखूच्या धुराने क्षयरोग होण्याचा धोकाही वाढतो आणि बरं व्हायलाही अडथळा येतो. त्या आजारात वजन वाढणं हीच बरं होण्याची खूण. निक्षय पोषण योजनेत पोषणासाठी उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात, ते खाण्यावरच खर्च व्हावेत.

मग वजन वाढलं तर सोडून उपयोग काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तपासलेलं आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावातल्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यावरून २०१३ साली निघालेला निष्कर्ष असा की, मधुमेह नसलेल्या लोकांत सिगारेट सोडून वजन वाढलं तरी हृदयविकाराचा धोका ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर येतो.

दुसरा मोठा अभ्यास २०१८ चा. त्यात असं दिसलं की सोडल्यावर ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात पुढची पाच-सात वर्षं मधुमेहाचा धोका वाढलेला असतो, नंतर तो उतरतो. पण मरणाचा धोका मात्र, वजन कितीही वाढलेलं असो, ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच राहिला. म्हणजे साखरेवर लक्ष ठेवायचं, पण परत ओढायला लागणं हा त्यावरचा इलाज नाही. ओढण्यानेही मधुमेहाचा धोका वाढतोच, तोही ३० ते ४० टक्क्यांनी.

चहाचा हिशोब बदलतो

बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर बाहेर टाकतं. धूर बंद झाला की हा वेग कमी होतो. मग तेवढ्याच चहाने रक्तात कॅफिन जवळपास दुप्पट साठतं. माणूस म्हणतो, "बिडी सोडली अन् झोपच उडाली, छातीत धडधड होते, चिडचिड होते." त्यातली काही धडधड बिडी सोडल्याची असते आणि काही चहाची. म्हणून सोडायच्या आठवड्यात चहा निम्म्यावर आणा. दुपारी चारनंतर नकोच.

याचा वजनाशी थेट संबंध आहे. एक चमचा साखर म्हणजे २० कॅलरी. दोन चमच्यांचा चहा दिवसात आठ वेळा झाला तर नुसत्या साखरेच्याच ३२० कॅलरी, दूध वेगळं. बिडी सोडल्याने जेवढ्या कॅलरी शिल्लक राहतात, त्यापेक्षा जास्त इथेच वाचतात. चार चहा कमी केले तरी सोडल्याचा बराचसा हिशोब मिटला. गूळ घातला तर चालेल का, असं लोक विचारतात. कॅलरी गुळात आणि साखरेत जवळपास सारख्याच.

शिवाय टपरीवर चहाबरोबर बिडी आपोआप पेटते. पहिले काही आठवडे चहा घरी घेतलेला बरा.

काय खायचं, कसं खायचं

उपाशी राहू नका. ही पहिली आणि मोठी सूचना. वजन वाढेल म्हणून अनेक जण सोडतानाच जेवण अर्ध्यावर आणतात. पोट रिकामं असलं की तलफ जोरात येते आणि बिडी परत येते. तंबाखू सोडणं आणि कडक पथ्य ही दोन ओझी एकाच वेळी उचलू नयेत. आधी तंबाखू सुटू द्या. वजन तीन-चार महिन्यांनी उतरवता येतं.

चहा-बिडीच्या जागी सकाळी खरी न्याहारी करा. भाकरी-भाजी असो, मटकीची उसळ असो, पोहे असोत. डाळ, उसळ, अंडं, दही, ताक असलं की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. जेवणात भाकरी तशीच ठेवा, भाजी-डाळ वाढवा, तेल कमी करा. १० ग्रॅम तेलात ९० कॅलरी असतात, आणि आपल्याकडे भाजीवर तर्री असल्याशिवाय जेवण लागत नाही हे मान्य करूनच हे सांगतोय.

हात आणि तोंड रिकामं राहत नाही त्यासाठी खिशात बडीशेप, ओवा, लवंग ठेवा. रानात काकडी, गाजर, मुळा, हरभऱ्याचे घाटे जे हंगामात असेल ते. शेंगदाणे चांगले, पण मोजून. एक मूठ, साधारण ३० ग्रॅम, म्हणजे १७० कॅलरी, आणि शेंगदाण्याची गोष्ट एका मुठीवर कधी थांबत नाही. बिस्किटं, फरसाण, भजी हीच खरी वजन वाढवणारी मंडळी. बिस्किटाच्या १०० ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात. १०० ग्रॅम मोसंबीत पन्नासही नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बाहेरचे लोक मागवून खातात, अन् आपण बाग विकून बिस्किटाचा पुडा घेतो! मोसंबी सोलून खा. रस काढला की चार फळं दोन घोटांत जातात आणि चोथा फेकला जातो.

सुपारी मात्र नको. बिडी सोडून सुपारी चघळणारे बरेच दिसतात. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलेलं आहे. आणि बिडी सोडून तंबाखू-चुना सुरू केला, तर सोडलं काहीच नाही.

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार येतात. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, तळलेल्या चकल्या खाऊन रोजच्यापेक्षा जास्त कॅलरी जातात. सोडल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात उपवास करायचाच असेल तर भगर, ताक, फळांवर करा. रोजे धरणाऱ्यांपैकी काही जणांना रमजानचा महिना बिडी सोडायला सोपा जातो, कारण दिवसभर तशीही बंदच असते. तिथे धोका इफ्तारनंतरच्या पहिल्या बिडीचा आणि भज्यांचा.

दारू पिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की सुटलेली बिडी सगळ्यात जास्त वेळा दारूच्या बैठकीतच परत पेटते. चकन्याच्या आणि दारूच्या कॅलरी वेगळ्याच.

पोट साफ न होणं

याबद्दल लोक लाजतात म्हणून स्पष्ट लिहितो. "बिडी ओढल्याशिवाय पोटच साफ होत नाही" ही तक्रार खोटी नाही. निकोटिनने आतडी हलतात. सोडल्यावर दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठता होऊ शकते, पोट फुगल्यासारखं वाटतं आणि माणसाला वाटतं चरबीच वाढली. सकाळी उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, पेरू, आणि ठरल्या वेळी संडासला बसणं. आतडी आपोआप वळणावर येतात. लागलंच तर इसबगोल घ्या. कडक जुलाबाच्या गोळ्यांची सवय लावू नका.

खोकलाही काही दिवस वाढू शकतो, कारण फुफ्फुसं साचलेली घाण बाहेर टाकू लागतात. तो महिन्याच्या पुढे राहिला, किंवा थुंकीत रक्त आलं, तर मात्र दवाखाना.

चालणं

तलफेची लाट साधारण पाच-दहा मिनिटांची असते. तेवढ्यात दहा मिनिटं भराभर चालून आलात तर ती ओसरते, हे अभ्यासांतही दिसलंय. जेवणानंतरची बिडी सगळ्यात अवघड जाते. तिच्या जागी शतपावली घाला, शंभराची हजार पावलं करा. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखरही कमी चढते.

शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम लागत नाही असं आपण म्हणतो. पेरणी ते कापूस वेचणीपर्यंत ते खरंही आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याला फेब्रुवारीपासून मेपर्यंत रानात काम थोडं, पारावर बसणं जास्त. त्या दिवसांत अंग जाळतं कमी आणि सोबतीला ओढणारे असतात. सोडायचं ठरवत असाल तर कामाच्या धबडग्यात सोडणं जास्त सोपं जातं असं मला वाटतं. उन्हाळ्यात सोडलं असेल तर पहाटे अर्धा-पाऊण तास चालायचं बांधून घ्या.

औषधांबद्दल

निकोटिनचा च्युइंगम मेडिकलवर मिळतो. त्याने तलफ कमी होते आणि वजन वाढणंही लांबणीवर पडतं. कायमचं टळत नाही, पण पहिले अवघड महिने वजनाची काळजी बाजूला राहते. तो साध्या च्युइंगमसारखा सारखा चावायचा नसतो. हळू चावायचा, तिखट-चुरचुरीत लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, लिंबूपाणी घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. डॉक्टर गोळ्याही देतात, ब्युप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन. त्या मनाने घ्यायच्या नाहीत. फिट येणाऱ्या माणसाला ब्युप्रोपियॉन चालत नाही. गरोदर बाई, किंवा नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेला माणूस, यांनी च्युइंगमही विचारूनच घ्यावा.

दम्यासाठी थिओफिलिन असलेली गोळी चालू असेल तर बिडी सोडल्याचं डॉक्टरला आवर्जून सांगा. चहातल्या कॅफिनसारखंच हे औषधही धूर बंद झाल्यावर रक्तात जास्त साठतं. डोस तोच राहिला तर मळमळ, धडधड होऊ शकते. मधुमेहाच्या रुग्णांची साखरही सोडल्यानंतर वर-खाली होते, इन्सुलिन घेणाऱ्यांची विशेषतः. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.

वयाची तिशी ओलांडलेल्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईला विचारलं तर दिवस कळतो. बिडी सोडायच्या आधी एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा करून घ्या. तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन जिल्हा रुग्णालयात मिळतं. भोकरदन, जाफ्राबाद, मंठा, घनसावंगीसारख्या लांबच्या तालुक्यांतून जालन्याला येणं होत नसेल तर फोन आहेच. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. समुपदेशक तुमच्याशी बोलून सोडायची तारीख ठरवतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात. वजनाबद्दलही त्यांना विचारा. मोबाइलवर संदेश हवे असतील तर ०११-२२९०१७०१ वर मिस कॉल द्यायचा. क्विटलाइनचा नंबर शोधायची गरज नाही, सप्टेंबर २०१८ पासून तो बिडीच्या बंडलावर आणि तंबाखूच्या पुडीवर चित्राखालीच छापलेला असतो.